माजी विद्यार्थ्याची सोय

३ मार्च, सोमवार

कन्येचं काही खरं दिसत नाही. विद्यापीठातलं शेवटचं सत्र, मे महिन्यात परीक्षा संपणार, आणि बाईसाहेबांच्या हातात अजून नोकरी नाही. विचारलं की एकच उत्तर, "बघतेय बाबा." मी सव्वीस वर्षं वॉशिंग मशीनच्या कंपनीत तक्रार निवारण विभाग सांभाळला. "बघतो" म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. आमच्याकडे "बघतो" म्हणजे फाईल खालच्या कप्प्यात.

तेव्हा आज ठरवलं, हे प्रकरण आपण स्वतः हाताळायचं. गेल्या ऑगस्टपासून मी स्वेच्छानिवृत्त आहे, त्यामुळे सवड आहे. म्हणजे कामं नाहीत असं नाही. गेल्या आठवड्यात रस्त्यावरच्या बंद दिव्याबद्दल दोन पत्रं लिहिली, बिस्किटांच्या कंपनीला पुड्यातल्या चुऱ्याबद्दल एक लिहिलं, आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. ही (म्हणजे आमची बायको, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला असते) संध्याकाळी आली, मिठाच्या डब्यावर 'मीठ' असं वाचलं आणि काही न बोलता खुर्चीत बसली. कौतुकाला शब्द सुचत नाहीत असं होतं कधीकधी.

कंपनीत प्रत्येक तक्रारीची तारीखवार नोंद असायची. पोटच्या पोरीच्या भवितव्याची का नको? म्हणून ही वही.

५ मार्च, बुधवार

विद्यापीठात करिअर मार्गदर्शन केंद्र आहे. कन्येला विचारलं तर म्हणाली, "जाऊन आले की मी, मागेच." एकदा जाऊन काय होतं? दवाखान्यात एकदा जाऊन कुणी बरं झालंय का? मी केंद्राची माहिती नीट वाचून काढली आणि एका ओळीवर थबकलो. ही सेवा माजी विद्यार्थ्यांना आजीवन खुली आहे. आता, मीही त्याच विद्यापीठाचा पदवीधर. म्हणजे मी स्वतःच्या नावानं जायचं, सगळा सल्ला काढून घ्यायचा आणि घरी येऊन लेकीला द्यायचा. थोडी लबाडी आहे, नाही असं नाही. पण कुणाचं नुकसान होत नाही.

केंद्र ग्रंथालयाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आहे. काचेच्या खोल्या, रंगीत खुर्च्या, भिंतभर माहितीपत्रकं. खिडकीवरच्या मुलीनं विचारलं, "काका, कुणाला न्यायला आलात?"

"मी माजी विद्यार्थी आहे," मी ताठ मानेनं सांगितलं.

तिनं संगणकावर माझं पदवीचं वर्ष शोधायला घेतलं. यादी खाली खाली जात राहिली. मागे रांग लागली. "येतंय काका, येतंय," ती धीर देत होती. शेवटी आलं एकदाचं, तळाशी, अगदी शेवटून दुसरं.

सल्लागारबाई तिशीच्या. मोठा चष्मा, सर्दी झालेली, पुढ्यात गरम पाण्याचा थर्मास. मी तक्रार निवारण विभागात होतो म्हटल्यावर त्यांनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग त्यांचा पहिलाच प्रश्न, "सर, तुम्हाला काय करायला आवडेल?"

सव्वीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मी जरा गडबडलो, पण लगेच सावरून कन्येच्या वतीनं उत्तर दिलं, "लोकांशी बोलायचं काम असेल तर बरं." जिना उतरताना लक्षात आलं, की कन्या संख्याशास्त्र शिकते आणि घरात पाहुणे आले की खोलीचं दार लावून घेते. उत्तर चुकलं. पुढच्या वेळी दुरुस्ती करायला हवी.

८ मार्च, शनिवार

कन्येला समोर बसवून धडे दिले. एक, नोकरी शोधण्याआधी स्वतःला काय येतं ते शोधावं. दोन, दिवसातला ठरावीक वेळ त्याला द्यावा. तीन, घरात बसून राहू नये, माणसांत मिसळावं. हनुवटीवर हात ठेवून तिनं सगळं मन लावून ऐकलं. इतकं मन लावून तिनं माझं चौथीत असताना शेवटचं ऐकलं होतं.

"कुठून कळलं हे सगळं, बाबा?"

"वाचन," मी म्हणालो.

"अच्छा. आणि पुढची वेळ कधी आहे?" मग घाईनं, "म्हणजे, पुढचं वाचन?"

"मंगळवारी," म्हणालो. वाचनाचीही वेळ ठरवता येते हे तिला पटलं, हेही नसे थोडके.

जेवताना तिनं मधेच विचारलं, "मी बाहेरगावी गेले तर तुम्ही दिवसभर काय कराल?" मी म्हणालो, मला कामांना तोटा नाही, तू आधी जाण्यासारखं काही मिळव तर खरं. ती आईकडे बघायला लागली आणि आई आमटीत बघायला लागली. पोरीचा धीर सुटत चाललाय. बाहेरगावच्या गोष्टी करते आणि इथं गावातलं काही हाताला लागत नाही.

११ मार्च, मंगळवार

आज सकाळी कपाटात माझा निळा शर्ट इस्त्री करून टांगलेला. हिला वाटलं कन्येनं केला, कन्येला विचारलं तर म्हणाली, "माझे करत होते, त्यात झाला." तिचा मात्र एकही कपडा इस्त्री केलेला दिसला नाही.

बायोडेटाची कार्यशाळा होती. कन्येला दाखवायला एक नमुना हवा, म्हणून मी माझाच तयार करून नेला होता. चार पानं. सल्लागारबाईंनी पेन्सिल घेतली आणि 'प्रकृती उत्तम' खोडलं, वडिलांचं नाव खोडलं, शाळेतलं वक्तृत्वाचं बक्षीस खोडलं. माझ्या हुद्द्यांची यादी उरली.

"सर, तुम्ही काय काय होतात ते कळलं. पण केलंत काय?"

नाकाला मिरच्या झोंबल्या. मी म्हणालो, बाई, करायचं काय असतं तक्रार विभागात? लोक ओरडतात, आपण ऐकतो. मग उदाहरण म्हणून एका म्हाताऱ्या गृहस्थाचं सांगितलं. रोज सकाळी फोन करायचा, मशीन नाचतंय म्हणून. तीनदा मेकॅनिक पाठवला, मशीन ठणठणीत. शेवटी मी विचारलं, काका, याआधी मशीन कोण लावायचं? तर म्हणाले, बायको लावायची, ती गेल्या महिन्यात गेली. सगळे कपडे एकदम कोंबत होते बिचारे. मग पंधरा दिवस मी त्यांना रोज फोनवर कपडे धुवायला शिकवलं. आधी चादरी, मग पांढरे, मग रंगीत. कुठल्याही नियमात बसत नव्हतं. साहेबांनी झापलंही.

सल्लागारबाईंची पेन्सिल थांबली होती. "हे लिहा," म्हणाल्या.

"हे लिहिण्यासारखं नाही हो."

"सर, हेच लिहा. बाकीची तीन पानं गेली तरी चालतील."

एका पानाचा नमुना घरी आणून कन्येला दिला. खूप वेळ वाचत बसली. एवढंसं पान, त्याला इतका वेळ? वाचनाचा वेग वाढवायला हवा. मुलाखतीत उपयोगी पडतो.

१५ मार्च, शनिवार

आमचं मशीन आवाज करायला लागलंय, म्हणून कंपनीच्या नंबरावर फोन लावला. माझ्याच जुन्या नंबरावर. एक गोड आवाजाची बाई बोलली, म्हणजे बाई नव्हेच, यंत्र. "आपली अडचण आम्ही समजू शकतो. घाई नाही. सावकाश सांगा." हे वाक्य माझं आहे. नव्या पोरांना मी ते पाठ करायला लावायचो. त्यानंतर यंत्र म्हणालं, एक दाबा. एक दाबलं. मग नऊ दाबा. नऊ दाबलं. मग म्हणालं, आपला कॉल महत्त्वाचा आहे, आणि फोन बंद झाला.

मी तसाच मशीनजवळ बसून राहिलो. राग आला, आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. 'सावकाश सांगा' म्हणायचं आणि ऐकायला कुणी ठेवायचंच नाही, याला काय अर्थ आहे?

मशीनखालचा एक पाय सैल होता. मीच आवळला.

१८ मार्च, मंगळवार

बाजारात कन्येची मैत्रीण भेटली. लांबूनच हात हलवून ओरडली, "काका, अभिनंदन!" मग एकदम जीभ चावली आणि म्हणाली, "म्हणजे, असंच," आणि सटकली. स्वेच्छानिवृत्तीचं अभिनंदन सात महिन्यांनी करतात का? की बिस्किटांच्या कंपनीनं माझं पत्र कुठे छापलं? घरी येऊन विचारलं तर कन्या मैत्रिणीवर भलतीच चिडलेली दिसली.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून मायलेकींचं बोलणं कानावर पडलं. ही म्हणत होती, "अगं, किती दिवस ताटकळत ठेवणार त्यांना? दहा एप्रिलच्या पुढे नाही थांबणार म्हणालेत ना?" त्यावर कन्या, "आधी बाबांचं काहीतरी होऊ दे गं. त्यांना असं सोडून कसं जमेल?"

घर रंगवायचं बरेच दिवस घाटत आहे. म्हणजे रंगारी दहा तारखेपर्यंत थांबणार आणि माझ्या जुन्या फायली खोलीतून हलल्याशिवाय काम सुरू होणार नाही. तोंडावर सांगायला काय झालं होतं? मी उद्याच फायली माळ्यावर टाकतो.

१९ मार्च, बुधवार

टाकल्या. दोघींनाही आनंद झाल्यासारखा दिसला नाही. बायकांना खूश करणं कठीण.

२५ मार्च, मंगळवार

आज सराव-मुलाखत होती. हा अनुभव आपण स्वतः घेतल्याशिवाय लेकीला काय सांगणार, म्हणून नाव नोंदवलं होतं. बाहेर बाकावर सात-आठ पोरं, सगळ्यांची पाचावर धारण बसलेली. शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "सर, सोपे प्रश्न विचारा हं." मी परीक्षक नाही, उमेदवार आहे म्हटल्यावर तिनं तिच्याकडची अर्धी चॉकलेटची वडी मला दिली. शिंगं मोडून वासरांत शिरलं की वासरं जागा करून देतात असा अनुभव आहे.

आत सल्लागारबाई आणि एक निवृत्त बँक अधिकारी. बँकवाल्यांनी माझा कागद वाचला, चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, "आधीची नोकरी का सोडलीत?"

उत्तर पाठ होतं. "नव्या आव्हानांच्या शोधात."

"बरं. कुठली सापडली?"

मला बिस्किटांची कंपनी आठवली. मिठाचा डबा आठवला. तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं, "मला काढलं. यंत्र बसवलं आणि मला काढलं. माझीच उत्तरं त्या यंत्रात भरली, ती मीच बसून भरून दिली, दोन महिने. मला वाटलं बढती देणार आहेत. मग सभागृहात चहा झाला, फुलं दिली, आणि दारावर वॉचमननं कार्ड मागून घेतलं. घरी मी सांगितलं की कंटाळा आला म्हणून सोडली."

मी दोन्ही हात मांडीखाली घातले. हे मी हिला सांगितलेलं नाही, मेहुण्याला नाही, कुणालाच नाही, आणि सांगितलं कुणाला, तर बँकेतल्या माणसाला.

बँकवाल्यांनी चष्मा काढून पुसला. "मलाही बासष्टाव्या वर्षी घरी बसवत नव्हतं," एवढंच म्हणाले. सल्लागारबाईंनी मात्र आपलं काम सोडलं नाही. "सर, उत्तर खरं आहे, फक्त लांबतंय. 'मला काढलं' इथे थांबलात तरी चालेल. मग लगेच तुम्हाला काय येतं ते सांगा."

पुन्हा म्हणून दाखवलं. तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी आवाज सरळ आला.

बाहेर पडल्यावर हलकं वाटत होतं, का ते ठाऊक नाही. पण यातलं कन्येला शिकवण्यासारखं काहीच नाही, तिला अजून कुणी काढलेलं नाही. त्या अर्थानं आजचा दिवस वायाच गेला.

२६ मार्च, बुधवार

रात्रीचं जेवण झाल्यावर हिला सांगितलं. ती भांडी पुसत होती. म्हणाली, "माहीत आहे हो." कधीपासून, विचारलं. "तुम्ही फुलं घेऊन घरी आलात तेव्हापासून. सोडणाऱ्याचं तोंड असं नसतं." आणि पुसलेली कढई माझ्या हातात दिली, वर ठेवायला.

सात महिने मी इतकं छान नाटक केलं आणि प्रेक्षकाला पहिल्याच दिवशी गोष्ट माहीत होती.

२ एप्रिल, बुधवार

नोकरी मेळावा. कन्या येत नाही म्हणाली, अभ्यास आहे. मुलाखती चालून आल्यात आणि बाईसाहेबांना अभ्यास सुचतोय! मी गेलो, तिच्यासाठी माहितीपत्रकं गोळा करायला.

बँकांपुढे आणि संगणक कंपन्यांपुढे ही झुंबड. कोपऱ्यात एका टेबलावर कुणीच नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करणारी छोटी कंपनी. मालकीणबाई स्वतः बसलेल्या, खिशाला टेस्टर लावलेला, पुढ्यात लिफ्टच्या बटणांची एक सुटी पाटी मांडून. पोरं यायची, बटणं दाबायची, दिवे लागले की हसायची आणि जायची.

मला दया आली, म्हणून विचारलं, कसला माणूस हवाय? त्या म्हणाल्या, "मेकॅनिक मिळतात हो. फोनवर बसायला कुणी टिकत नाही. माणूस लिफ्टमध्ये अडकला की आतला फोन थेट आमच्याकडे लागतो. मेकॅनिक पोचेपर्यंत अर्धा-पाऊण तास त्याच्याशी बोलायचं. आमची पोरं कार्ड बघून वाचतात, 'कृपया शांत राहा.' आणि आतला माणूस बोंबलतो."

"बोंबलणारच," मी म्हणालो. "शांत राहा म्हटलं की माणसाला कळतं, घाबरण्यासारखं काहीतरी आहे. त्याला काम द्या काहीतरी. पिशवीत काय काय आहे ते एकेक सांगायला लावा. कुठे निघाला होता ते विचारा. आणि मेकॅनिक पाच मिनिटांत येतोय असं कधी सांगू नका. कुठल्या चौकात आहे ते खरं सांगा. खोटं बोललेलं फोनवर लगेच कळतं."

त्यांनी बटणांची पाटी बाजूला सरकवली. "बायोडेटा आहे?"

नमुन्याच्या काही प्रती जवळ होत्या, कन्येसाठी काढलेल्या. एक देऊन टाकली. बाई सभ्य वाटल्या, नाही म्हणवेना.

७ एप्रिल, सोमवार

लिफ्टवाल्या बाईंनी बोलावलं. केंद्रात मुलाखतीसाठी कोट उसना मिळतो, एक कपाटच आहे. सगळे विशीतल्या पोरांच्या मापाचे. मला मिळाला त्याच्या बाह्या मनगटाच्या वर राहतात आणि बटण लावलं की श्वास घेता येत नाही. खिशात आधीच्या उमेदवाराची खोकल्याची गोळी होती. ती मी खाल्ली.

ऑफिस म्हणजे दोन खोल्या. एकीत मोटारी, तारा आणि ग्रीसचा वास, दुसरीत दोन फोन आणि भिंतीवर इमारतींचा नकाशा. "आधीची नोकरी का सोडली?" विचारलं. "मला काढलं," म्हणालो आणि थांबलो. त्या म्हणाल्या, "बरं झालं, नाहीतर आम्हाला कुठे मिळाला असतात. बसा फोनवर." तितक्यात एक वाजलाच. एक विमा एजंट, तळमजला आणि पहिला यांच्या मध्ये. त्याला मी त्याच्या बॅगेतली सगळी माहितीपत्रकं अंधारात चाचपून मोजायला लावली. बाहेर आला तेव्हा तो मलाच विमा विकत होता.

किती दिवसांनी दुपार कधी संपली ते कळलं नाही.

९ एप्रिल, बुधवार

लागली! मला! सोमवारपासून सकाळची पाळी.

संध्याकाळी घरी सांगितलं. ही चपला न काढताच खुर्चीत बसली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवले. कन्येनं मला मिठीच मारली, इतकी घट्ट की चष्मा वाकडा झाला. मग एकदम उठून गॅलरीत गेली, दार ओढून घेतलं, कुणाशी तरी दोन मिनिटं फोनवर बोलली. परत आली तेव्हा डोळे ओले आणि तोंडभर हसू. "बाबा, मलाही मिळाली."

"कधी?"

"आत्ताच!"

मोठी कंपनी आहे, आकडेमोडीचं काम, पण गाव लांबचं. दहा-बारा तासांचा प्रवास. जूनमध्ये हजर व्हायचं. मी थक्क झालो. म्हणजे बघा, बापानं कंबर कसली की लेकीच्या कामाला कसा वेग येतो! तीन महिने नुसतं "बघतेय", आणि मी हाती घेतल्यापासून महिनाभरात निकाल. माझ्या नोकरीचं विशेष काही नाही, ते वाटेत मिळालं. मोहीम फत्ते झाली ती कन्येची.

११ एप्रिल, शुक्रवार

केंद्रात कोट परत करायला गेलो. सल्लागारबाईंना आज सगळं कबूल करून टाकलं, की मी माझ्या नावावर येत होतो, पण हे सारं मुलीसाठी होतं आणि तुमच्या सल्ल्यानं तिला नोकरी लागली. त्या थर्मासचं झाकण फिरवत राहिल्या. "छान झालं सर," म्हणाल्या. "दोघांचंही मार्गी लागलं." फसवल्याचा राग आलेला दिसला नाही. मोठ्या मनाची बाई.

रंगारी मात्र आलाच नाही. दहा तारीख उलटली. हिला विचारलं तर म्हणाली, "कुठला रंगारी?" हल्ली विसरायला लागली आहे.

४ मे, रविवार

वही उघडायला फुरसत नाही. काल एक नवरा-बायको एकत्र अडकले. त्यांना बोलायला लावायची गरज पडली नाही, थांबवायची पडली.

१४ जून, शनिवार

कन्या आज गेली. सकाळची गाडी होती आणि माझी सकाळची पाळी. मी रजा मागणार होतो, तर तीच म्हणाली, "नको बाबा. तुम्ही कामावर जाताना बघूनच मला निघायचंय." म्हणजे दारात उभी राहून तिनंच मला निरोप दिला, डबा हातात देऊन. जिना उतरताना मी मागे वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर उतरवलं नसतं.

अकराच्या सुमारास फोन वाजला. एका ऑफिसच्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये एक बाई एकट्याच. आवाजावरून सत्तरीच्या जवळपास. श्वास लागलेला. मी विचारलं, पिशवीत काय आहे? म्हणाल्या, "मला बोलायला लावू नका. दम लागतो. तुम्हीच बोला काहीतरी."

आता मी काय बोलणार? सकाळपासून डोक्यात एकच गोष्ट होती. तीच सांगायला लागलो. माझी मुलगी आज नोकरीला गेली. तिला नोकरी मिळत नव्हती, मग मी तिच्यासाठी विद्यापीठात खेटे घातले, बायोडेटा केला, मुलाखतीचा सराव केला. बाईंचा श्वास हळूहळू बसला. मधूनमधून हुंकार द्यायला लागल्या. रंगात आलो मी. म्हटलं, आणि गंमत बघा, मला नोकरी लागल्याचं घरी सांगितलं, आणि दोन मिनिटांत तिला लागली!

"दोन मिनिटांत?"

"हो ना! गॅलरीत जाऊन आली तेवढ्यात."

"आणि मुलाखत कधी दिली तिनं?"

मी आठवायला लागलो. मार्चमध्ये ती कुठे गेली नव्हती, एप्रिलमध्येही नाही. त्याआधी, जानेवारीत, मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला म्हणून दोन दिवस गेली होती. लांबच्या गावाला. परत आली तेव्हा फोटो दाखव म्हटलं तर एकही काढला नाही म्हणाली.

"अहो," त्या अंधारातून बाई सावकाश म्हणाल्या, "तिची लागलेलीच होती. ती तुमची लागायची थांबली होती."

या कामाचा पहिला नियम आहे, फोनवर शांतता पडू द्यायची नाही. मी समोरच्या नकाशाकडे बघत बसलो आणि तो दिसेनासा झाला. दहा एप्रिल. नऊ तारखेला गॅलरीत गेली होती ती. जर मी त्या कोपऱ्यातल्या टेबलापाशी थांबलो नसतो तर दहा तारखेला पोरीनं त्यांना नाही म्हटलं असतं, आणि मला कधी कळलंही नसतं. आणि मी तिला वाचनाचा वेग वाढवायला सांगत होतो.

"हॅलो?" बाई म्हणाल्या. "आहात ना?"

"आहे."

"घाबरू नका. पोचेल ती नीट. बसायला खिडकी मिळाली का तिला?"

"माहीत नाही. मी स्टेशनवर गेलो नाही."

"मग दारातलं सांगा. निघताना काय घातलं होतं तिनं?"

मी सांगायला लागलो. पिवळा कुर्ता. केस धुतलेले, ओलेच. आईनं पुसून घे म्हटलं तरी ऐकलं नाही. एका हातात माझा डबा, दुसऱ्या हातानं डोळे. बाई म्हणत होत्या, हं, मग? मग काय म्हणाली? मी सांगत होतो, आणि माझा आवाज फुटत होता, आणि पलीकडून कुठलंही कार्ड न वाचता कुणीतरी मला म्हणत होतं, सावकाश, घाई नाही.

मागे खडखडाट झाला, मेकॅनिक पोचला होता. दार सरकल्याचा आवाज आला, "चला आजी, हात द्या," असं तो म्हणाला.

"थांब रे जरा," बाई त्याला म्हणाल्या. "यांचं अजून झालेलं नाही."